दाजींनी बटण दाबलं

आमच्या दाजींइतका हट्टी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. इगतपुरीच्या घाटापासून थेट सटाण्यापर्यंत धुंडाळून या. हट्टी माणसं पुष्कळ भेटतील, पण ती आपापल्या सोयीने हट्टी असतात. कुणी जेवणाच्या बाबतीत, कुणी राजकारणाच्या, कुणी सुनेच्या. दाजी सरसकट हट्टी. चहा बशीत ओतूनच पिणार. पेपर शेवटच्या पानापासून सुरू करून पहिल्या पानाशी संपवणार. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर अर्धीच घेणार, कारण त्यांच्या मते अर्धी गोळी पेशंटसाठी असते आणि अर्धी कंपनीसाठी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. मी धाकटी मेव्हणी, त्यामुळे त्यांची टिंगल करायचा हक्क मला ताईच्या लग्नातल्या अक्षतांबरोबरच मिळाला, आणि मी तो आजतागायत एकही दिवस वाया घालवलेला नाही. ते माझ्या टिंगलीला कधी चिडले नाहीत. चिडायचे ते फक्त एका गोष्टीवर: कुणी त्यांच्या मोटारसायकलला 'जुनी' म्हटलं की.

ही मोटारसायकल जपानी, दोन सिलिंडरची, टाकीचा रंग पिकलेल्या जांभळासारखा. दाजी तरुणपणी पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि इगतपुरीकडच्या एका धरणाच्या कामावर त्यांची नेमणूक होती. तिथे कुणी परदेशी इंजिनिअर होता. तो मायदेशी परत जाताना ही गाडी मागे ठेवून गेला आणि दाजींनी ती घेतली. पगार केवढा, गाडी केवढी, असला विचार दाजींनी कधी केलाच नाही. त्या गाडीचं वैशिष्ट्य म्हणजे हँडलच्या उजव्या मुठीपाशी एक छोटं बटण होतं. ते दाबलं की गाडी सुरू. त्या काळी नाशकात मोटारसायकल म्हणजे लाथा घालून जागी करायची वस्तू होती, तेव्हा हे बटण बघायला लोक मुद्दाम येत, आणि दाजी ते दाबून दाखवत. पुढे त्या बटणामागची स्टार्टर मोटर जळाली. कधी जळाली ते कुणालाच नेमकं आठवत नाही, पण माझ्या वरातीच्या पुढे ती गाडी होती आणि ती किकनेच सुरू झाली होती, एवढं मला पक्कं आठवतं, कारण तेवढा वेळ वरात थांबली होती आणि बँडवाल्यांनी एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं होतं.

दाजींनी ती मोटर कधी दुरुस्त केली नाही. करता आली नसती असं नाही, केली नाही. उलट ती जळल्यावरच त्यांना बटणाचा राग यायला लागला. "बटण दाबून दिवे लावायचे असतात," ते म्हणायचे. "गाडीला पायाने विचारावं लागतं." मग या विचारण्याचा एक विधीच तयार झाला. आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात. मग चष्मा काढून ताईच्या हातात. ताई नसेल तर जवळ जो कुणी असेल त्याच्या हातात, मग तो कुरिअरवाला का असेना. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, आणि किल्ली बंद ठेवूनच दोन-चार हलक्या किका मारायच्या. याला ते दार वाजवणं म्हणत. मग किल्ली फिरवून, डोळे मिटून, सगळं अंग उजव्या पायावर तोलून एकच खणखणीत किक. गाडी सुरू झाली की डोळे उघडून असे काही इकडेतिकडे बघायचे, की जणू हे काम दुसऱ्याच कुणीतरी केलंय. इंदिरानगरातल्या त्यांच्या रो-हाउसच्या समोर राहणाऱ्या काकू त्या आवाजावर कुकर लावायच्या. दाजी गावाला गेले की काकूंच्या घरी जेवणाला उशीर व्हायचा.

गाडी बंद पडली असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. ती थकते, रुसते, किंवा विचार करते. एकदा द्वारका चौकात भर गर्दीच्या वेळी ती विचार करायला लागली. मागे हॉर्नचा नुसता कालवा. दाजींनी शांतपणे वळून मागच्या रिक्षावाल्याला सांगितलं, "दोन मिनिटं. तिचं अजून ठरत नाहीये." रिक्षावालाही नाशिकचाच. तो खाली उतरला आणि तिचं ठरेपर्यंत दाजींशेजारी उभा राहून गाडीची चौकशी करत बसला. मी मागच्या सीटवर पिशवी तोंडापुढे धरून बसले होते, न जाणो कुणी ओळखीचं भेटायचं.

ताईच्या स्वयंपाकघरातले डबे हा तर वेगळाच विषय. त्या घरात साबुदाण्याच्या डब्यात साबुदाणा निघेलच याची खात्री कुणी देऊ नये. एका चतुर्थीला मी तिच्याकडे उपासाला गेले आणि उगाच मदत करायला म्हणून साबुदाणा धुवायला घेतला, तर पातेल्यात खडखड वाजायला लागलं. बघते तर बेअरिंगच्या बारक्या पोलादी गोळ्या. तेलाचा तवंग सगळ्या पाण्यावर. मी पातेलं घेऊन ताईकडे गेले तर तिने भाजलेले शेंगदाणे पाखडता पाखडता मान वर न करता सांगितलं, "हा त्यांचा डबा. आपला खालच्या फळीवर आहे." मला वाटलं ही आता चिडेल, निदान कपाळाला हात तरी लावेल. पण तिने गोळ्या निथळून, फडक्यावर वाळवून परत डब्यात भरल्या आणि घट्ट झाकण लावलं. मी असते तर तो डबा अंगणात भिरकावला असता. माझा स्वभाव वेगळा, तिचा वेगळा.

आणि तिची सहनशक्ती सांगायची तर दिंडोरीचं लग्न सांगायला हवं. आमचं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, तिकडच्याच चुलत भावाचं लग्न होतं. ताई पैठणी नेसून, नथ घालून दाजींच्या मागे बसलेली. वाटेत द्राक्षाच्या क्रेट भरलेली एक पिकअप रस्त्याच्या कडेला बंद पडलेली दिसली. बंद पडलेलं वाहन दिसलं आणि दाजी पुढे निघून गेले असं कधीच झालेलं नाही. त्यांनी गाडी लावली, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पिकअपखाली शिरले. ताई एका दगडावर रुमाल पसरून बसली. मंगलाष्टकं झाली, पंगती बसल्या, उठल्या, आणि मग ही दोघं मांडवात आली. दाजींच्या नाकाला काळं, हाताला काळं, आणि ताईच्या हातात द्राक्षाची क्रेट. सगळ्यांनी दाजींना धारेवर धरलं. दाजी म्हणाले, "माल उन्हात होता हो त्याचा." तेवढंच. त्या लग्नाच्या फोटोत दाजी सगळीकडे हात पाठीमागे घेऊन उभे आहेत. तो पिकअपवाला आजही हंगामात त्यांच्या घरी द्राक्षं आणून देतो आणि ताईच्या हातचा चहा पिऊन जातो.

ही सगळी गंमत गेल्या श्रावणात थांबली. सकाळी दाजींनी नेहमीसारखं दार वाजवलं, डोळे मिटले, किक मारली, आणि किकेने उलटा झटका दिला. जुन्या गाड्या असा झटका देतात. अर्ध्यावर गेलेला लिव्हर उसळून परत येतो आणि पायाला खालून मारतो. दाजींचा उजवा गुडघा आतून गेला. ते गाडीशेजारीच खाली बसले आणि त्यांनी कुणाला हाकसुद्धा मारली नाही. ताईने कुकरचा गॅस बंद करताना खिडकीतून पाहिलं म्हणून कळलं. मग दवाखाना, ऑपरेशन, वॉकर, व्यायाम. दाजी अंगाने भरलेले, ताई एवढीशी. ती त्यांना उठवायची, बसवायची, न्हाणीघरापर्यंत न्यायची. त्या महिन्यांत माझी बहीण किती वाळली ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला त्या वेळी दाजींचा खरंच राग आला होता. डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, मांडी घालायची नाही, जिना जपून, आणि किक हा शब्दसुद्धा उच्चारायचा नाही. त्यावर ताई एवढंच म्हणाली, "ती गाडी आता या घरात राहणार नाही."

मला वाटलं होतं जोरदार भांडण होईल. पण दाजी मान हलवून घरी आले आणि सगळ्यांचं ऐकायला लागले. चहा कपातून प्यायला लागले. गोळी पूर्ण घ्यायला लागले. पेपर पहिल्या पानापासून उघडायचे आणि तिथेच मिटवून ठेवायचे. मी एकदा मुद्दाम त्यांच्या गाडीला जुनी म्हटलं तर म्हणाले, "हो, जुनीच झाली आता." त्या दिवशी घरी परतताना माझं स्कूटरवर लक्ष नव्हतं. पायाचं ऑपरेशन झालं होतं, पण माणूस भलतीकडूनच खचत चालला होता.

दिवाळी उलटल्यावर एक दिवस त्यांनी हळूच विचारलं, "बटणावर सुरू झाली तर?" ताई पोळ्या लाटत होती. तिने हातातली पोळी लाटून तव्यावर टाकली. मग म्हणाली, "बटणावर सुरू झाली तर राहील. नाही झाली तर पुण्याच्या त्या गृहस्थांना द्यायची. आणि मधल्या काळात किकेला पाय लावलेला मला दिसता कामा नये." हे पुण्याचे गृहस्थ जुन्या गाड्या जमवणारे. दर दिवाळीला फोन करून आधी दाजींची आणि मग गाडीची तब्येत विचारायचे. ताईने माझ्यासमोरच त्यांना फोन लावला आणि पुढच्याच्या पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन या म्हणून सांगितलं. दाजींना तेवढी मुदत. ज्या बटणाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, त्याच्यावरच आता सगळं येऊन ठेपलं होतं.

स्टार्टर मोटर त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, पाय लांब करून, स्वतः काढली. ती पाट्यावरच्या वरवंट्याएवढी निघाली आणि तशीच जड. ताईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी मांडीवर घेऊन ते माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही अंबडला निघालो. सगळा रस्ताभर त्यांचं मला शिकवणं चालू. "आता दुसरा टाक."

"दाजी, हिला गिअर नाहीत."

"हं. म्हणूनच तुझ्यात गती नाही."

इतक्या दिवसांनी त्यांच्या तोंडून टोमणा आला, आणि मी पुढे बघून मनातल्या मनात हसले.

अंबडमध्ये कारखान्यांच्या मागच्या गल्लीत मोटर भरणाऱ्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की दिंडोरी-निफाडकडचे शेतकरी त्याच्याकडे भरायला टाकतात. जुनी जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची, त्याला मोटर भरणं म्हणतात. छाटणी होऊन बागांना पाणी सुरू झालेलं, त्यामुळे दुकानात मोटारींची रांग. त्याने दाजींची मोटर हातात घेऊन उलटीसुलटी केली. "काका, असली बारकी म्या कधी भरली नाय. पण तार ती तारच हाय. ठिवून जा, चार दिसांनी या."

"ठेवून जाणार नाही," दाजी म्हणाले. "मी बसतो."

बसले. एका उलट्या क्रेटवर उशी टाकून, पाय दुसऱ्या क्रेटवर ठेवून, ताईने दिलेला डबा मांडीशी घेऊन ते दिवसभर बसले. मी संध्याकाळी न्यायला गेले तेव्हा दुकानातली सगळी माणसं त्यांच्याभोवती होती आणि दाजी त्या परदेशी इंजिनिअरची गोष्ट सांगत होते. तो धरणावर मोटारसायकलीने यायचा, आणि एकदा चिखलात रुतला तेव्हा चार मजुरांनी त्याला गाडीसकट उचलून चहाच्या टपरीसमोर आणून ठेवलं, ती गोष्ट. मी ती इतक्यांदा ऐकलीय की मलाच तो इंजिनिअर ओळखीचा वाटतो. मोटर भरणारा हातात सोल्डरची कांडी घेऊन म्हणत होता, "काका, जरा थांबा, आता टोकं जोडायचीत." दाजी म्हणाले, "शेवटचंच राहिलंय." शेवटी तो इंजिनिअर टपरीवाल्याला कडक सलाम ठोकतो. मोटर भरणारा हसून हसून लाल झाला, बाहीने डोळे पुसले आणि टोकं जोडली. मग दोन वायरी बॅटरीला टेकवल्या तर मोटर अशी काही फिरली, की टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर गडगडत खाली पडला. दाजींनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. येताना ते मला गिअर टाकायला सांगायलाच विसरले, इतके खूश होते.

रविवारी सकाळी मी लवकरच ताईकडे गेले. दाजींनी मोटर बसवली होती, वायरी जोडल्या होत्या, नवी बॅटरी घातली होती. दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. घड्याळ मात्र सवयीने काढून खिशात ठेवलं. ताई ओट्यापाशी होती, मी तिच्या शेजारी, आणि खिडकीतून आम्हाला अंगण दिसत होतं. दाजींनी किल्ली फिरवली आणि बटण दाबलं.

आवाज आला. छान, गोल, घुमणारा आवाज. पण इंजिन जागचं हललं नाही. नुसती मोटर फिरत राहिली. दाजींनी बटण सोडलं, परत दाबलं. परत तसंच. आता यात गोम अशी, की या मोटरचं फिरणं इंजिनापर्यंत पोचवायला मधे एक क्लच असतो आणि तो एकाच बाजूने पकडतो. सायकलचं पेडल उलटं मारलं की चेन फिरते, चाक फिरत नाही, तसंच. हे दाजींनीच मला नंतर समजावलं. त्या वेळी मात्र त्यांनी कान लावून ऐकलं आणि हळूहळू खुर्चीत बसले. "आतला क्लच गेला," ते खिडकीकडे न बघता म्हणाले. "रोलर झिजले असणार. त्याचं सामान आता कुठेच मिळत नाही."

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आला. पुण्याचे गृहस्थ उतरले. फार सज्जन माणूस, अंगणात येताना चपलासुद्धा बाहेर काढल्या. त्यांनी दाजींचा चेहरा पाहिला आणि गाडीकडे पाहिलंच नाही. "घाई नाही," ते म्हणाले. "मी परत येतो हवं तर."

"नको," दाजी म्हणाले. "ठरलंय ते ठरलंय. घेऊन जा." मग ते सांगायला लागले. उन्हात ठेवू नका. थंडीत चोक पूर्ण ओढा. आधी दार वाजवा. डावीकडच्या सिलिंडरला जरा तेल जास्त लागतं, त्याला बोल लावू नका. ते गृहस्थ खाली मान घालून ऐकत होते. सांगता सांगता दाजींनी, का कोण जाणे, परत एकदा बटण दाबलं, आणि परत तो गोल, घुमणारा आवाज अंगणभर झाला.

आणि मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं.

तो आवाज आम्हा दोघींना लहानपणापासून माहीत होता. दिंडोरीच्या आमच्या मळ्यात विहिरीवर मोटर होती. लाइनमनने खांबावर काही खुडबुड केली की तारांची अदलाबदल व्हायची आणि मोटर उलटी फिरायला लागायची. आवाज अगदी सुरेख यायचा, पण पाइपाला पाणी नाही. आमचे वडील, आण्णा, बांधावरून ओरडायचे, "उलटी फिरतीय गं, बंद कर!" आणि थोरली म्हणून ताई धावत जाऊन लाल बटण दाबायची. मग दोन तारा बदलल्या की झालं. मळ्यात वाढलेल्या पोरीला हा आवाज शिकवावा लागत नाही. दाजी धरणावर राहिले, पण त्यांनी कधी विहिरीवरची मोटर चालवली नव्हती.

शब्द माझ्या जिभेवर आला होता, आणि मी तो गिळला. हे सांगायचं असेल तर ताईने सांगायचं. तिने त्या माणसाला हाताला धरून चालवलं होतं, मी नव्हतं. तिला ती गाडी घरात नको होती आणि का नको होती हे मला पूर्ण पटत होतं. ताईने कपांत चहा ओतला. ओतता ओतता मधेच थांबली. बाहेर दाजी स्वच्छच असलेली टाकी शर्टाच्या टोकाने पुसत होते. ताई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "खोटंसुद्धा बोलावं लागणार नाही मला. नुसतं गप्प बसलं की झालं."

तिने उरलेला चहा ओतला, ट्रे उचलला आणि म्हणाली, "दार धर."

अंगणात जाऊन तिने आधी पाहुण्यांना कप दिला. मग दाजींपुढे ट्रे धरला आणि त्यांनी कप घेतल्यावर म्हणाली, "अहो, तुमची मोटर उलटी फिरतेय."

"उलटी कशी फिरेल?" दाजी म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिचं म्हणणं खोडून काढलं. "आवाज ऐकलास का किती गोड आहे?"

"उलट्या मोटरचा आवाज गोडच असतो. तिला काम कुठे असतं?"

दाजींनी कप खाली ठेवला. मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दाजी खुर्चीत, पाय लांब, हातात स्पॅनर. आणि ज्यांच्या हातून गाडी निसटत चालली होती ते पुण्याचे गृहस्थ जमिनीवर मांडी घालून टॉर्च धरून बसलेले. मोटर काढली. तिच्या दांड्यावर ताईने खडूने खूण केली. बॅटरीला वायरी टेकवल्या, आणि खूण चुकीच्या बाजूला पळाली. मी मोटर भरणाऱ्याला फोन लावून दाजींच्या कानाशी धरला. तो पलीकडून म्हणाला, "काका, तुमी त्या साहेबाची गोष्ट सांगत व्हता ना, तवाच झालं आसंल. दोन टोकं इकडची तिकडं करा." टेम्पोवाल्याकडे सोल्डरची कांडी निघाली. त्याच्याकडे ती कशाला होती देव जाणे, पण निघाली. टोकं बदलली, मोटर पुन्हा बसली, चहा दुसऱ्यांदा झाला.

दाजींनी बटण दाबलं. या वेळी आवाज गोड नव्हता. कण्हल्यासारखा, ओझं उचलल्यासारखा आला, आणि मग इंजिन धडधडायला लागलं. समोरच्या काकू बाहेर आल्या. पुण्याचे गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले, बिचारे. ताई कप गोळा करत होती आणि तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

दाजींनी गाडी थोडा वेळ तशीच ऐकली आणि बंद केली. मग ताईकडे बघून विचारलं, "ठेवायची का?" त्यांच्या संसारात हा प्रश्न त्यांनी कधी कशाबद्दल विचारला असेल असं मला वाटत नाही. ठरल्याप्रमाणे गाडी त्यांची झाली होती, विचारायचं कारणच नव्हतं.

ताईने ट्रे ओट्यावर नेऊन ठेवला आणि परत आली. "आधी किक काढा," ती म्हणाली. "पूर्ण काढून माझ्या हातात द्या."

दाजींनी स्पॅनर उचलला. मग खुर्ची गाडीच्या उजवीकडे ओढून घेतली. एकच बोल्ट असतो तिथे. तो सैल करायला त्यांना जरा वेळ लागला. लिव्हर हातात आल्यावर त्यांनी तो पुसला आणि ताईला दिला. रबर झिजून त्याला त्यांच्या बुटाचा आकार आला होता. ताईने तो वर्तमानपत्रात गुंडाळून आपल्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. टेम्पो रिकामाच पुण्याला गेला. ताईने चिवड्याची पिशवी त्या गृहस्थांच्या हातात दिली आणि दाजी गाडीच्या टाकीवर हात ठेवून त्यांना म्हणाले, "फोन करत जा, हिला बरं वाटतं."

मी ताईला नंतर विचारलं, का सांगितलंस म्हणून. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "गप्प बसले असते ना, तर ते परत कधी माझ्याशी भांडले नसते. तसा माणूस घेऊन मी काय करू गं?" आणि डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसू नये म्हणून मेथीच्या जुडीवर वाकली.

दाजी आता रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून येतात. मी बऱ्याचदा तिथे असते. किल्ली फिरवल्यावर त्यांचा उजवा पाय आपोआप वर उचलला जातो आणि काहीतरी चाचपडत हवेतच थांबतो. तिथे काही नसतं. ते पाय हळूच खाली टेकवतात आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून खिडकीकडे बघतात. ताई तोवर पाठ फिरवून डबे लावायला लागलेली असते. मग ते बटण दाबतात.